पिवळ्या पट्टीचं झाड

जपानात आमच्या लॅबमधले एक गृहस्थ कन्व्हिनियन्स स्टोअरमध्ये दूध घ्यायला गेले, की आधी खोका उलटा करायचे. तारीख बघायला नाही. तारखेशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं, दूध नासकं निघालं असतं तरी निमूट प्यायले असते. त्यांना बघायची असायची ती कोपऱ्यातली झाडाची बारीकशी खूण. हा कागद ज्या जंगलातून आला ते जंगल नीट राखलेलं आहे, अशी ती ग्वाही. खूण दिसली की समाधानानं मान हलवायची. नाही दिसली, तर खोका परत फळीवर आणि काउंटरवरच्या बाईंना दोन मिनिटांचं व्याख्यान. त्या बिचाऱ्या रोज 'हाई, हाई', म्हणजे हो, हो, करत ऐकून घ्यायच्या. मी मागे रांगेत उभी, मेल्याहून मेल्यासारखी. आता त्या दुकानाशी माझा संबंध उरलेला नाही, पण कुठल्याही दुकानात दूध घेताना मीही खोका उलटा करते. माझी लेक दूर जाऊन उभी राहते.

समोर मी तिथल्या रीतीप्रमाणे त्यांच्या आडनावाला आदराचं 'सान' लावायचे. घरी मात्र ते आमचे 'काका'. नवरा रोज विचारायचा, "आज काकांचं काय नवीन?" आणि रोज काहीतरी असायचंच.

या काकांचं एक झाड माझ्यामुळे पडलं. त्याची माफी मागायची राहून गेली आणि काका गेले. बाकी कितीही गमती सांगितल्या तरी मला सांगायचंय ते हेच, तेव्हा आधीच सांगून टाकते.

पुण्यात पीएचडी करून मी कावासाकीच्या एका संशोधन संस्थेत पोस्टडॉक म्हणून आले, तेव्हा काका एकदा निवृत्त होऊन परत बोलावले गेलेले तंत्रज्ञ होते. राहायला आम्ही टोकियोच्या एदोगावात, कारण नवऱ्याचं ऑफिस त्या बाजूला आणि लेकीची शाळाही. मी रोज तासभर गाडीत उभी राहून लॅबला पोचायचे, तर काका आधीच लेझरच्या खोलीत डोळे मिटून बसलेले. पहिल्या दिवशी मला वाटलं झोपलेत. झोपले कसले! लेझरचा आवाज ऐकत होते. यंत्रात भरलेला गॅस जुना झाला की त्याच्या टकटकीत एक घोगरेपणा येतो म्हणे. पडद्यावरचे आकडे सगळं आलबेल सांगत असायचे आणि काका म्हणायचे, घसा बसलाय. दुपारपर्यंत आकडेही तेच म्हणायला लागायचे.

आमचं काम सांगायला सोपं होतं. काचेवर सिलिकॉनचा अगदी पातळ थर असतो, आतून नुसता विस्कटलेला. त्यावर लेझरचा क्षणभराचा झोत मारायचा. थर वितळतो, पण खालच्या काचेला पत्ता लागत नाही, आणि थिजताना त्याचे स्फटिक बनतात. तुमच्या फोनच्या पडद्यामागे असंच काहीतरी असतं. स्फटिक जेवढे मोठे तेवढं बरं. मेख एवढीच, की झोत कमी पडला तर स्फटिक बारीक राहतात, आणि जास्त झाला तर सगळंच वितळून पार भुगा. मधली जागा चिंचोळी. तळाशी जेमतेम काही कण न वितळता राहिले पाहिजेत, म्हणजे त्यांच्यावरून मोठे स्फटिक वाढतात.

मला घाई. दोन वर्षांचं कंत्राट, तेवढ्यात पेपर हवे. मी झोत वाढवून बघायचे आणि काका मागून पेन्सिलीनं वहीत लिहायचे, "आज पुन्हा सगळं वितळवलं." त्यांच्या वहीत प्रत्येक शॉट लिहिलेला असायचा, माझे मूर्खपणेही. मी एकदा चिडून म्हटलं, हे कशाला लिहिता? तर मला खुर्चीवर बसवून त्यांनी सावकाश सांगितलं, "वितळवणं कुणालाही येतं. थंड होऊ द्यायला शिकावं लागतं. आणि तळाशी काही ठेवलंच नाहीत, तर परत वाढणार कशावरून?"

"थंड होऊ द्या" हे त्यांचं सगळ्यांवरचं औषध. मी बॉसवर वैतागले, थंड होऊ द्या. चहा पोळला, थंड होऊ द्या. लेक मराठीत काही विचारलं की जपानीत उत्तर देते, म्हणून मी एकदा त्यांच्यापुढे रडकुंडीला आले. तेव्हा ते एवढंच म्हणाले, की तुमचं बोलणं तिला कळतं ना, मग तळाशी आहे. मला तेव्हा ते फारच स्वस्तातलं सांत्वन वाटलं होतं.

जमलेला नमुना निघाला की काका मायक्रोस्कोपमधून बघायचे, "होss" असा लांब सूर काढायचे आणि त्या डबीला पिवळी पट्टी बांधायचे. आमच्या खोलीत पिवळी पट्टी म्हणजे हे चांगलं आहे, जपायचं आहे, याला कुणी हात लावू नये. हा नियम त्यांचाच. संचालकांनी एकदा पाहुण्यांना दाखवायला म्हणून पिवळ्या पट्टीची डबी उघडली होती, तर काका दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. जपानी माणूस साहेबाशी दोन दिवस बोलत नाही म्हणजे बघा.

शनिवार-रविवारी काका वेगळेच माणूस. नांबू लाइननं ताचिकावा, तिथून ओकुतामाकडची गाडी, पुढे बस, आणि बसच्या शेवटच्या थांब्याच्या वर त्यांचा डोंगर. वडिलोपार्जित, सुगी आणि हिनोकी या उंच सूचिपर्णी झाडांचा. महायुद्धानंतर सगळ्यांनी लावली तशी त्यांच्या घरच्यांनीही लावली होती, आणि पुढे सगळ्यांनी सोडून दिली तशी मात्र यांनी सोडली नव्हती. आसपासच्या दहाबारा डोंगरवाल्यांना गोळा करून त्यांनी ते प्रमाणपत्र मिळवलं होतं, तीच दुधाच्या खोक्यावरची खूण. तेव्हापासून गावातले लोक त्यांना चिडवायचे, की हा झाडांसाठी राबत नाही, कागदासाठी राबतो. खोटं नव्हतं. ओढ्याच्या दोन्ही काठांना कुऱ्हाड लावायची नाही. एक वठलेलं खोड घुबडांसाठी तसंच उभं ठेवायचं. करवतीचं तेल सांडलं तर तेही लिहायचं. कुठलं झाड पाडलं, का पाडलं, कुणी खूण केली, सगळं नोंदवहीत. काकांना ते जड कुठलं जायला? ते आयुष्यभर दुसरं काय करत होते!

"तपासायला येतात ते तुम्ही काय कापलंत एवढंच विचारत नाहीत," ते मला कौतुकानं सांगायचे. "काय ठेवलंत, ते विचारतात."

दुसऱ्या वर्षी हिवाळ्याच्या तोंडावर त्यांनी मला आणि लेकीला डोंगरावर नेलं. लेक सात वर्षांची. नवरा घरीच झोपा काढत होता. काकांनी सकाळभर आम्हाला झाडं दाखवली. चांगलं झाड कसं ओळखायचं, सरळ कसं जातं, शेंड्याला उजेड कसा मिळतो, सालीवर हात कसा फिरवायचा. वर पोचायच्या आधी खालूनच त्यांनी एक हिनोकी दाखवलं. उताराच्या टोकाला, बाकीच्यांपेक्षा हातभर उंच. "आईनं मला पाठीला बांधून लावलं ते. आम्ही दोघं एकाच वर्षीचे." एवढंच म्हणाले आणि लेकीला डबा उघडून दिला.

जेवण झालं आणि त्यांचा गुडघा धरला. वरच्या उताराची विरळणी, म्हणजे दाटीतली काही झाडं काढून बाकीच्यांना उजेड देणं, पुढच्या आठवड्यात व्हायची होती, गावच्या वनसोसायटीची माणसं येणार होती, आणि झाडांना खुणा व्हायच्या होत्या. काकांनी पिशवीतून पिवळी पट्टी काढून माझ्या हातात दिली. "आता तुम्हाला झाड कळतं. तुम्ही बांधून या." माझी छाती अशी फुगली! दोन वर्षांत त्यांनी मला एकदाही डबीला पट्टी बांधू दिली नव्हती.

मी आणि लेक वर गेलो. सरळसोट, टवटवीत, देखणी अशी अकरा झाडं निवडून त्यांना पिवळ्या पट्ट्या बांधल्या. सगळ्यात पहिली बांधली ती त्यांच्या जुळ्या भावाला. दोनदा गुंडाळली, घट्ट, कुणी चुकूनही हात लावू नये म्हणून.

आता तुम्हाला कळलंच असेल. डोंगरावर पिवळी पट्टी म्हणजे कापायचं झाड. सगळ्या गावाला माहीत होतं, काकांना ते मला वेगळं सांगायचं सुचलंच नाही. आणि मला विचारायचं सुचलं नाही. दोन वर्षं त्या खोलीत काढल्यावर पिवळ्याचा दुसरा काही अर्थ असू शकतो, हे माझ्या डोक्यातच येणं शक्य नव्हतं.

पुढच्या आठवड्यात आम्ही लेझरवर असताना काकांचा फोन वाजला. तो उघडमिटीचा जुना फोन. पलीकडे वनसोसायटीचे मुकादम. काका ऐकत राहिले. "हाई" म्हणाले, पुन्हा "हाई" म्हणाले. मुकादमांनी टोकाचं झाड आधी पाडलं होतं. मोठं होतं, पण मालकाची पट्टी होती, त्यांना वाटलं म्हाताऱ्यानं घराच्या खांबासाठी वगैरे काढायचं ठरवलं असेल. दुसऱ्या झाडापाशी गेले तर तेही तसंच राजबिंडं. तेव्हा त्यांना शंका आली आणि करवत बंद करून त्यांनी फोन लावला.

काकांनी फोन मिटला, चालू असलेला नमुना पुरा होऊ दिला, शॉट वहीत लिहिले आणि मग माझ्याकडे वळले.

"पट्ट्या तुम्ही जपायच्या म्हणून बांधल्या होत्यात?"

"हो," मी म्हटलं. अजून मला काही कळलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं. मला तिथल्या तिथे गाडून घ्यावंसं वाटलं. मी उठून कमरेत वाकले आणि जपानीत माफीची जी सगळ्यात जड वाक्यं शिकवतात ती म्हणत सुटले. काकांनी हात वर करून थांबवलं.

"हे पाठ केलेलं आहे," ते म्हणाले, रागानं नाही. "तुमच्या भाषेत येईल तेव्हा म्हणा. आणि मला नको, तिकडे वर जाऊन म्हणा. आम्ही दोघं एकच आहोत, मला पोचेल."

मग यंत्र बंद करून ते घरी गेले. दोन वर्षांत पहिल्यांदाच ते वेळेआधी गेले होते.

पुढचा घोळ त्या प्रमाणपत्राचा. गावातल्या मंडळींचा सल्ला साधा होता: वादळानं पडलं असं लिहा. एका झाडासाठी सगळ्यांचं प्रमाणपत्र अडायला नको. काकांनी ऐकून घेतलं आणि वहीत खरं तेच लिहिलं. तपासणीला आलेली मुलगी, हेल्मेट डोक्यापेक्षा मोठं, तिच्यासमोर त्यांनी मलाही नेऊन उभं केलं. मला वाटलं आता काही खरं नाही. तिनं सगळं शांतपणे विचारलं, लिहून घेतलं आणि किरकोळ त्रुटी नोंदवली: खुणांचा अर्थ कामावरच्या सगळ्यांना समजेल असा लेखी लावलेला नाही. सुधारणा करा, प्रमाणपत्र राहील.

झालं, काकांना तेवढंच हवं होतं. त्यांनी हिनोकीची फळी रंधून आणली. जपानीत लिहिलं, इंग्रजीत लिहिलं आणि तिसरी ओळ माझ्यासाठी मोकळी ठेवली. मी म्हटलं, अहो, इथे मराठी वाचायला येणार कोण? तर म्हणाले, चूक मराठीत झाली, सुधारणाही मराठीत व्हायला हवी. नियमातच तसं आहे, समजेल अशा भाषेत. मी पेन्सिलीनं अक्षरं काढली आणि लेकीनं जीभ बाहेर काढून ती रंगवली: 'पिवळी पट्टी: कापा. पांढरी पट्टी: राहू द्या.' ओकुतामाच्या डोंगरात, बसच्या शेवटच्या थांब्याच्या वर, मराठी पाटी! त्या हेल्मेटवाल्या मुलीनं पुढच्या खेपेला ती अक्षरं अहवालात जशीच्या तशी उतरवून घेतली म्हणे, पाऊण तास लागला.

पाटी लावायला आम्ही गेलो त्या दिवशी मी वर चढले नाही. लेक दमलीये म्हटलं. लेक खाली उड्या मारत होती. काका माझ्याकडे बघून नुसते हसले.

पडलेल्या झाडाच्या फांद्यांवरून काकांनी वाटाण्याएवढी गोल फळं गोळा करून आणली आणि आमच्या लॅबच्या खिडकीत सुकत ठेवली. ती तडकून बारीक बिया सांडल्या. वसंतात त्यांच्या कावासाकीच्या बाल्कनीत दुधाच्या खोक्यांची रांग लागली, खूण असलेल्या अर्थातच. कुठल्या खोक्यात किती उगवलं, ते वहीत.

माझं कंत्राट संपलं, योकोहामाच्या एका कंपनीत लागले. काकांचं पत्र दर शरदात यायचं, पोस्टकार्डावर, पेन्सिलीनं. "वरचा उतार तुमची वाट बघतो आहे. या वर्षी याल?" एका वर्षी मी लेकीची परीक्षा सांगितली. एका वर्षी नवीन नोकरी. मग ती मास्कची वर्षं आली, तेव्हा कारण शोधावंही लागलं नाही. खरं सांगू? मला ते खोड बघायची भीती वाटत होती. मला वाटायचं ते नुसतं आग्रहाचं बोलावणं आहे, पुढच्या वर्षी जाऊ. त्यातल्याच एका हिवाळ्यात काका दवाखान्यात गेले. भेटायला कुणाला सोडत नव्हते. ते गेल्याचं पोस्टकार्ड आलं ते त्यांच्या पुतण्याच्या अक्षरात, शाईनं.

आणि मग या शरदात पुतण्याचा फोन. हा पन्नाशीचा, अबोल माणूस, डोंगर आता तोच बघतो. खूप आढेवेढे घेत म्हणाला, की तपासणीत विचारलंय, वरचा उतार इतकी वर्षं विरळ का केला नाही. झाडं एकमेकांचा उजेड खाताहेत. आता नाही केलं तर मोठी त्रुटी लागेल. मला कळेना हे तो मला का सांगतोय. तर म्हणाला, "नोंदवहीत तुमचं नाव आहे ना."

मी आणि लेक रविवारी गेलो. लेक आता चौदा वर्षांची, कानात इअरफोन. पुतण्यानं वही समोर ठेवली. काकांचं पेन्सिलीतलं अक्षर बघून माझ्या डोळ्यांना धाराच लागल्या. झाड एक, हिनोकी. कारण: चुकीची खूण. चूक: मालकाची, सूचना अपुरी. आणि त्याखाली: वरच्या उतारावर यापुढे खुणा कोण करणार. तिथे कताकाना लिपीत माझं नाव. तारीख बघितली. झाड पडलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची. माफी नको म्हणून ते घरी गेले होते आणि सकाळी उठून त्यांनी हे लिहिलं होतं.

"मी करायला हवं होतं कदाचित," पुतण्या खाली बघत म्हणाला. "पण लिहिलेलं तुमचं नाव होतं."

दर वर्षीची ती पोस्टकार्डं आग्रहाची नव्हती हो. कामाची होती. माझ्यावाचून अख्खा उतार अडून राहिला होता आणि मी परीक्षा आणि नोकऱ्या सांगत बसले होते.

पुतण्यानं पट्टीच्या दोन गुंडाळ्या दिल्या, पिवळी आणि पांढरी. आम्ही चढलो. वाटेवरची पाटी आता करडी पडलीये, पण अक्षरं टिकलीत. लेक तिथे रेंगाळली, मी पुढे गेले. टोकाला ते खोड होतं, वरून काळवंडलेलं, एका अंगानं शेवाळ. भोवती हरणांपासून वाचवायला जाळी, आणि जाळीत कमरेएवढी पाच रोपं. दुधाच्या खोक्यांतली. लावल्याचं त्यांनी मला कधी कळवलंही नव्हतं, मी येऊन बघेन म्हणून असणार. मी जाळीपाशी खाली बसले. हातभर जागेत माझा सगळा अपराध आणि त्यांची सगळी माया, दोन्ही समोर. काका असते तर वही काढून बसले असते. मला ते इतके हवे होते त्या क्षणी, की ओरडून हाक मारावीशी वाटली.

"चुकलं माझं, काका," मी म्हटलं. "फार उशीर केला मी. चुकलं."

वाक्यं पाठ केलेली नव्हती. एवढीच आली.

मागे पाचोळा वाजला. लेक येऊन उभी होती, इअरफोन काढलेले. माझा चेहरा तिनं पाहिला. माझ्या हातातली पांढरी गुंडाळी घेतली, जाळीतून हात घालून सगळ्यात लहान रोपाला हलकेच एक पट्टी बांधली. मग खालच्या पाटीकडे एकदा वळून बघितलं आणि अक्षर अक्षर जुळवत, मला नाही, त्या रोपाला नाही, कुणाला कोण जाणे, मराठीत म्हणाली, "राहू द्या."

मी डोळे पुसले, पिवळी गुंडाळी सोडली आणि आम्ही दोघी वरच्या अंगाला कामाला लागलो.